फक्त प्रार्थनेसाठी

८ जुलै

प्रिय धाकटे,

अक्षर ओळखून तू पाकीट न उघडताच फाडलं नसशील, एवढी आशा धरून लिहिते आहे. पत्ता मामेभावाने दिला. त्याच्यावर चिडू नकोस. मी त्याचं डोकं पंधरा दिवस खाल्लं, तेव्हा कुठे त्याने एका चिठ्ठीवर लिहून दिला आणि वर म्हणाला, माझं नाव सांगू नकोस. बघ, सांगून बसले.

अकरा वर्षांनी लिहिते आहे ती जुनं उकरायला नव्हे. त्या बाबतीत मला जे म्हणायचं होतं ते मी तेव्हाच म्हटलं होतं. तुझ्या आजाराबद्दल मी तुझ्या शाळेत कोणाला एक अक्षर बोलले नाही. यावर आता वाद नको.

कारण वेगळंच आहे. आपल्या चर्चच्या मंडळीतलं कोणीतरी लोकांच्या घरातल्या गोष्टी बाहेर पोचवतंय. इथे कोणाजवळ बोलावं तर तोच माणूस निघायचा, अशी माझी पंचाईत. तू चर्च सोडून गेलीस, शहरही सोडलंस, म्हणजे निदान तू तरी त्यातली नाहीस.

बुधवारची प्रार्थना तू होतीस तशीच चालते. संध्याकाळी सहा वाजता मागच्या खोलीत आम्ही नऊ जण. शहरातल्या तिन्ही बॅप्टिस्ट मंडळ्यांसाठी प्रार्थना करतो, म्हणजे आपली, पुलापलीकडची आणि कारखान्याजवळची. मग तिघांच्या बाहेरच्या सेवेसाठी. कारखान्याजवळचे संध्याकाळी मुलांना फुकट शिकवतात, पुलापलीकडचे शिवणक्लास आणि कपड्यांची खोली चालवतात, आणि आपली व्हॅन आहे. ही तुझ्यानंतरची. म्हाताऱ्या आणि आजारी माणसांना इस्पितळात न्यायचं, परत घरी सोडायचं. कोणत्या धर्माचा, कोणत्या गल्लीतला, विचारायचं नाही. मंगळवारी आणि शुक्रवारी मी मागच्या सीटवर मदतनीस असते. शेवटी घरचे विषय येतात, ते ज्याचे त्याने सांगायचे. यादी मी लिहिते, निवृत्त झाल्यापासून तेवढं काम माझ्याकडे आहे.

तर तीन आठवड्यांपूर्वी बेकरीवाल्याने विषय सांगितला. त्याची बायको घर सोडून मैत्रिणीकडे राहायला गेली आहे. भांडण मिटत आलंय, ती परत येईलही, पण तिच्या भावांना यातलं काही कळू देऊ नका, ते डोक्यात राख घालून घेणारे आहेत. चार दिवसांनी दोघे भाऊ बेकरीत शिरले आणि गिऱ्हाइकांसमोर त्याची कॉलर धरली. बायकोला ते गावी घेऊन गेले. आता ती फोनही उचलत नाही.

खोलीत आम्ही नऊच जण होतो. सात जणांना मी पंचवीस वर्षं ओळखते, आठवी मी. नववा व्हॅनचा ड्रायव्हर आहे.

तुझी,
ताई

२० जुलै

धाकटे,

उत्तराची वाट बघत नाही, म्हणून पुन्हा लिहिते.

ड्रायव्हरबद्दल सांगायचं राहिलं. आठ महिन्यांपूर्वी दुसऱ्या शहरातल्या चर्चच्या पाळकाची चिठ्ठी घेऊन आला. पन्नाशीचा असेल. बायको नाही, मूलबाळ नाही, की आहेत आणि सांगत नाही, देव जाणे. बुधवारी दाराजवळच्या खुर्चीवर बसतो. आजवर स्वतःचा एक विषय त्याने सांगितलेला नाही. सगळ्यांचं ऐकून घेतो आणि सगळ्यांच्या मागून एकटाच ‘आमेन’ म्हणतो. इतकी शांतता मी फक्त बंद पडलेल्या लाईनवर ऐकली आहे.

मी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये एकतीस वर्षं काढली. किती लग्नं, किती मरणं, किती भांडणं कानांवरून गेली, एक शब्द कधी बाहेर पडला नाही. त्यामुळे दुसऱ्याचं ऐकणारा माणूस मला लगेच ओळखू येतो. हा ऐकतो. व्हॅनमध्ये माणसं चढली की रेडिओ बंद करतो. कशाला? आरसा असा लावून ठेवतो की मागच्या सगळ्या सीट दिसाव्यात. आजारी माणसं व्हॅनमध्ये काय काय बोलतात तुला सांगून खरं वाटणार नाही. घड्याळजी तर इस्पितळात पोचेपर्यंत अख्खा जन्म सांगून मोकळे होतात. ते तुला आठवत असतील, चौकातल्या दुकानात घड्याळं दुरुस्त करायचे. आता आठवड्यातून दोनदा डायलिसिसला जातात.

मी पाळकबाईंना, म्हणजे आपल्या पाळकसाहेबांच्या बायकोला, हळूच सुचवून पाहिलं. त्या म्हणाल्या, तो गप्प असतो म्हणून तुम्हाला खटकतो, बोलका असता तर त्यावरून खटकला असता. त्यांचंही थोडं विचित्रच वाटलं मला. इतकी बाजू घ्यायचं कारण काय?

ताई

१ ऑगस्ट

धाकटे,

पुरावा मिळाला.

काल घड्याळजींना आत सोडायला तो व्हीलचेअर ढकलत गेला तेव्हा मी व्हॅनमध्ये एकटी होते. पुढचा खण उघडला. तू नाक मुरडशील, पण मी देवाची क्षमा मागून मगच उघडला. आत निळी वही होती. पानोपानी माणसं, म्हणजे व्हॅनमधून जाणारे सगळे. घड्याळजी, मग त्यापुढे ‘डावा गुडघा, आधी उजवा पाय’. गल्लीतली आजी, ‘मळमळते, पिशवी’. एका बाईपुढे ‘मुलाचं नाव काढू नये’. आता सांग, मुलाचं नाव काढू नये हे याला कसं कळलं? ऐकूनच ना?

आणि माझ्यावर अख्खी ओळ. ‘टेलिफोनबाई – फोनवर असल्या की खिडक्या लावणे.’

आठवून पाहिलं तर खरंच, मी फोन लावला की हा पुढून बटण दाबतो आणि काचा वर जातात. मी समजत होते धुळीमुळे. बाहेरचा आवाज बंद केला की माझं बोलणं नीट ऐकू येतं, एवढा साधा हिशेब. मी फोनवर काही वाईट बोलत नाही. पुलापलीकडच्या मंडळीत शिवणक्लासवाली माझी मैत्रीण आहे, तिच्याशी प्रार्थनेचे विषय बोलते. पण तरी.

आज पाळकसाहेबांना सगळं सांगितलं. त्यांना ते आवडलं नाही. खण उघडला म्हणून मलाच दोन शब्द ऐकवले. पण बेकरीवाला तिथेच होता, त्याने वहीचं ऐकलं आणि त्याचा चेहरा बदलला. म्हणाला, त्याला बोलवा. बोलवावंच लागलं.

पाळकसाहेबांनी सरळ विचारलं, इथलं काही बाहेर बोललात का? तो म्हणाला, “नाही.” मग कोण बोललं, काही कल्पना आहे? तो म्हणाला, “ते मी नाही सांगणार.”

नाही माहीत, असं म्हणाला नाही. नाही सांगणार, म्हणाला. त्यातच सगळं आलं. बेकरीवाला उठून उभा राहिला. पाळकसाहेब म्हणाले, काही दिवस तुम्ही थांबलेलं बरं. त्याने खिशातून व्हॅनच्या किल्ल्या काढून टेबलावर ठेवल्या, वहीही ठेवली. घड्याळजींना चढवताना उजवा पाय आधी, एवढंच म्हणून गेला.

मला वाटलं होतं हलकं वाटेल. मामेभावाकडून कळलं की तू आता ग्रंथालयात आहेस. चांगलं झालं. तिथे बोलायलाच बंदी.

ताई

१९ ऑगस्ट

धाकटे,

व्हॅन चर्चच्या मागे उभी आहे. चालवायला माणूस नाही. मंडळीचा कारभार बघणाऱ्या दोन डीकनांपैकी एकाची नजर अधू, दुसऱ्याची ड्यूटी दिवसाची. पाळकसाहेबांनी दोनदा चालवली आणि दुसऱ्यांदा दवाखान्याच्या फाटकाला घासली. आम्ही दर बुधवारी ड्रायव्हरसाठी प्रार्थना करतो, म्हणजे नव्या.

घड्याळजी बसने जायला लागले होते. मागच्या शुक्रवारी बसमध्ये चढताना पडले. मनगट मोडलं, त्या गोंधळात डायलिसिस राहिलं, आणि रविवारी त्यांना श्वास लागला म्हणून अतिदक्षता विभागात नेलं. मी बघायला गेले. तोंडावर मास्क होता, तरी हाताने विचारलं, व्हॅनवाला कुठाय? मी म्हटलं, सुट्टीवर.

आता खरी गोष्ट. मागच्या बुधवारी आमच्यातल्या नर्सबाईंनी विषय सांगितला की त्यांच्या छातीत गाठ आहे, तपासणीचा निकाल यायचा आहे. आईला कळू द्यायचं नाही, आई ब्याऐंशीची. ड्रायव्हर नव्हता. आठच जण होतो. शनिवारी त्यांच्या आईला कळलं. म्हातारी रडत रडत मुलीच्या दारात, रक्तदाब वाढलेला. मुलीने आधी आईला झोपवलं आणि मग पाळकबाईंना फोन केला. त्या इतक्या शांतपणे बोलल्या म्हणे, की ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.

म्हणजे तो नव्हता. मग कोण? मी माझं सोडून सातही नावं कागदावर लिहून समोर ठेवली. डीकनांची बायको फार हसते. पाळकसाहेब स्वतः? एकेकाच्या नावावर पेन्सिल टेकवत बसले. एकाही नावावर काट मारता आली नाही.

पाळकबाई परवा घरी आल्या. नर्सबाईंच्या आईला कोणाकडून कळलं ते त्यांनी शोधून काढलं होतं. पुलापलीकडच्या शिवणक्लासमधल्या एका बाईकडून. पाळकबाईंनी चहा घेतला नाही. म्हणाल्या, “तिथे आपल्यापैकी कोणाची ओळख आहे, तुम्हाला काही कल्पना?”

मी म्हटलं, नाही बाई.

ताई

२ सप्टेंबर

धाकटे,

हे पत्र चौथ्यांदा लिहिते आहे. तीन फाडली.

पाळकबाई गेल्यावर मी पूल ओलांडून मैत्रिणीकडे गेले. क्लास सुटला होता, ती मशिनवर झाकण घालत होती. मी विचारलं, नर्सबाईंचं तू कोणाला बोललीस का? तिने सहज सांगितलं की क्लासमधल्या दोघी-तिघींना. बेकरीवाल्याचं? तेही. त्याच्या मेव्हण्यांच्या शेजारची बाई क्लासला येते, तिला तर मुद्दाम, म्हणजे तीही प्रार्थना करेल. माझं तोंड बघून ती घाबरली. म्हणाली, “अगं, मी फक्त प्रार्थनेसाठी सांगितलं.”

धाकटे, हे वाक्य माझं आहे. तू सामान बांधत होतीस आणि मी दारात उभी राहून तुला हेच म्हणाले होते.

आता तुझ्या वेळचं लिहिते. तू इस्पितळात होतीस त्या दोन महिन्यांत मी बुधवारी उभी राहून तुझं नाव घेतलं. नुसतं नाव नाही. कोणतं इस्पितळ, मनोरुग्णांचा वॉर्ड, गोळ्यांनी तुझे हात कसे थरथरतात, सगळं. बारा माणसं होती. घरी येऊन ह्याच मैत्रिणीला फोन केला आणि पुन्हा पहिल्यापासून सांगितलं. तिच्या नणंदेच्या मुली तू शिकवायचीस त्या शाळेत होत्या. पुढे पालक मुख्याध्यापिकेच्या खोलीत जमले, तुला बोलावून राजीनामा लिहून घेतला. मी तुझ्या शाळेत कोणाला बोलले नाही, हे खरं होतं. त्या एका खऱ्या वाक्याच्या आड मी अकरा वर्षं लपले.

का केलं ते विचारशील. एकतीस वर्षं मी लोकांच्या बोलण्यात मधे बसले होते आणि मला कोणी काही विचारलं नाही. बातमी सांगायला लागलं की समोरचा गप्प होतो, जवळ सरकतो. बातमीत प्रार्थनेचा शब्द घातला की मनाला टोचतही नाही. मी प्रार्थना करत नव्हते असं नाही. करत होते, रडून करत होते. पण आधी फोन करत होते.

ताई

८ सप्टेंबर

धाकटे,

ड्रायव्हरला शोधलं. बायपासवर टायरच्या दुकानात पंक्चर काढतो. मी गेले तेव्हा ट्यूब पाण्याच्या टबात बुडवून बुडबुडे बघत होता. त्याने मला स्टूल दिलं, त्यावर आधी फडकं मारलं. मी सरळ सांगितलं की ते मी केलं होतं, तुम्ही नाही.

तो म्हणाला, “मला माहीत होतं, ताई.”

मी विचारलं, कधीपासून? तो म्हणाला की पहिल्या मंगळवारपासून. व्हॅनचं इंजिन खडखडतं, म्हणून मी फोनवर मोठ्याने बोलायचे. सिग्नलला व्हॅन थांबली की बाजूचे स्कूटरवाले माना वळवून ऐकायचे. म्हणून तो काचा लावायचा.

मी म्हटलं, “पाळकसाहेबांनी विचारलं तेव्हा माझं नाव का घेतलं नाहीत?”

तो ट्यूब पुसत राहिला. “चारचौघांसमोर तुमचं नाव घेतलं असतं, तर मग मी तुमच्यापेक्षा काय वेगळं केलं असतं? तुम्हाला एकटीला गाठून सांगायला हवं होतं. आठ महिने ते धाडस झालं नाही. बेकरीवाल्याचा संसार त्यात गेला, हे माझ्याही डोक्यावर आहे.”

स्वतःचा विषय कधी का सांगत नाही, हेही मी विचारलं. तो म्हणाला, आहे एक विषय, देवाला माहीत आहे. धाकटे, तोंडावर आलेला पुढचा प्रश्न मी गिळला.

घड्याळजींचं सांगितलं तेव्हा मात्र त्याने हातातलं काम खाली ठेवलं. कोणता वॉर्ड, एवढंच विचारलं.

तिथून बेकरीत गेले. तोंडातून बाहेर पडेपर्यंत दोनदा पाव मागितला. त्याने सगळं ऐकून घेतलं. म्हणाला, सांगितलंत ते बरं केलंत, आता इथे येत जाऊ नका. मी बाहेर आले. तो माफ करेल असं वाटत नाही, आणि माफी मागायला मला तोंड नाही. नर्सबाईंकडेही गेले. त्यांची गाठ साधी निघाली. दार उघडलं, निकाल सांगितला, आणि दार लावून घेतलं. त्यांच्या आईच्या खोकल्याचा आवाज आतून येत होता.

ताई

१० सप्टेंबर

धाकटे,

काल बुधवार होता. यादी वाचायच्या आधी मी उभी राहिले आणि सांगितलं. फोन, मैत्रीण, बेकरीवाला, नर्सबाई, ड्रायव्हर. तुझं सांगितलं नाही. ते सांगणं म्हणजे पुन्हा तेच झालं असतं.

मग डीकनांची बायको, जिच्यावर मी पेन्सिल टेकवली होती, ती उठली आणि माझ्या शेजारी येऊन बसली. पाळकसाहेबांनी यादीचं काम माझ्याकडून काढून घेतलं. बरोबरच आहे. यापुढे घरचे विषय सांगायचे नाहीत, ज्याला हवं त्याने नुसतं ‘एक विषय’ म्हणायचं, असं ठरलं. मंडळ्यांसाठी आणि त्यांच्या सेवेसाठी मात्र नावं घेऊन प्रार्थना झाली. शिवणक्लाससाठी कोणी पुढे होईना, तेव्हा मीच केली. मला वाटलं होतं माझा आवाज निघणार नाही. निघाला, पण बारीक.

पाळकसाहेब स्वतः टायरच्या दुकानात जाऊन आले. ड्रायव्हर आजपासून परत आला आहे. घड्याळजी अजून इस्पितळात आहेत, पण मास्क निघाला. व्हॅनमध्ये फोन बंद ठेवायचा, एवढी एकच अट त्याने घातली. मी मदतनीस म्हणून आले तर चालेल का, असं विचारलं, तर म्हणाला, मंगळवारी पावणेआठला फाटकापाशी या, उशीर करू नका.

ताई

२४ सप्टेंबर

धाकटे,

तुझं कार्ड मंगळवारी आलं. मी पायरीवरच बसून वाचलं. एकच ओळ. ‘पत्रं वाचली. बुधवारी माझं नाव घेऊ नकोस.’

मी ती ओळ किती वेळा वाचली ते सांगत नाही. तू ‘ताई’ लिहिलेलं नाहीस आणि खाली सहीही नाही. पण अक्षर तुझंच आहे, आणि ते थरथरत नाही.

काल प्रार्थना संपल्यावर आम्ही खुर्च्या रचत होतो. मामेभावाच्या तोंडात तीळ भिजत नाही, त्याने पाळकबाईंना सांगितलं असावं की मी तुला लिहिते आहे. त्यांनी माझा हात धरला, मनापासूनच विचारलं, “बहिणीकडून काही कळलं का? पुढच्या बुधवारी तिच्यासाठी प्रार्थनेत घेऊ या?”

कार्ड माझ्या पर्समध्ये होतं. पर्स माझ्या काखेत होती. सगळे जण खुर्च्या ठेवायचे थांबून माझ्याकडे बघत होते, जवळ सरकले होते.

मी म्हटलं, “नाही. काही नाही.”

आणि राहिलेल्या खुर्च्या भिंतीला लावल्या.

तुझी,
ताई